आडवा पडलो तो उपोषणाला नव्हे

सोपारा गाव, नालासोपारा पश्चिम
जुम्मा, सकाळ

अझीझ बंधू खलील यांस,

अस्सलामु अलैकुम. हा सलाम नीट पाहून घे, कारण तो मी आधी केला आहे. दोन भावांत अबोला पडला तर त्यांतला उत्तम तो, जो पहिला सलाम करतो, अशी आपल्याला शिकवण आहे. म्हणजे निकाल लागलेला आहे आणि तो तुझ्याविरुद्ध गेलेला आहे. (तीन दिवसांवर अबोला धरू नये, हीही शिकवण आहे. आपण तीन वर्षं धरला. त्याचा जाब दोघांनाही द्यावा लागणार, तेव्हा तुझ्या वाटणीचा तू तयार ठेव.) तुझी तब्येत बरी असेल अशी उमेद आहे. गुडघा कसा आहे? वालीवच्या त्या गाळ्यात दिवसभर उभं राहून विजेची बटणं तपासत बसू नकोस. 'उभं राहून बसू नकोस' असं लिहिलं गेलं, पण मी खोडणार नाही, तुला समजलं आहे. रुकय्याला सलाम. तहसीन आणि जावईबापूंना दुआ.

वाचताना तुला उगाच आशा लागू नये म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो: हे माफीचं पत्र नाही. हे निमंत्रणही नाही. तीन वर्षांपूर्वी तुझ्या तहसीनच्या निकाहात मी नवरानवरीला चार शब्द सांगायला उभा राहिलो आणि चाळिसाव्या मिनिटाला तू माइकचं बटण बंद केलंस, ते मी विसरलेलो नाही. (तू म्हणतोस, बावन्नाव्या. तुझं घड्याळ लहानपणापासून पुढे असतं.) मी तेव्हा प्रस्तावनेत होतो. चारशे माणसांसमोर माझे ओठ हलत होते, हात हवेत होता, आणि आवाज नाही. काचेच्या पेटीतला मासा बरा, त्याच्याकडून कुणी भाषणाची अपेक्षा तरी करत नाही. त्यानंतर मी जे बोललो ते माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, हे कबूल. मुलीच्या बापाला तिच्याच मांडवात 'बटणविक्या' म्हणालो, हेही कबूल. (कबूल म्हणजे घडलं, एवढंच. चूक होती असं मी कुठे लिहिलेलं असेल तर दाखव.) बिर्याणी न खाता निघून आलो. त्या बिर्याणीचा वास बाहेरच्या फाटकापर्यंत माझ्या मागे आला होता, त्यालाही मी दाद दिली नाही. मी कोणत्या मातीचा आहे ते यावरून समज.

आता आमच्या जुवेरियाचा निकाह येत्या रविवारनंतरच्या रविवारी ठरला आहे. निकाहात मुलीच्या बाजूने एक वकील लागतो, हे तुला मी सांगायला नको. दोन साक्षीदार घेऊन तो तिच्याकडे जातो, तिला विचारतो, तिचा होकार स्वतःच्या कानांनी ऐकतो आणि बाहेर येऊन काझीसाहेबांना कळवतो. या कामासाठी मी चार भली माणसं सुचवली. पोरीने चारही नावं खोडली. म्हणाली, "माझे वकील खलीलचाचा. आपल्या घराण्यात तेवढाच एक माणूस प्रश्न विचारून उत्तर ऐकतो." मी म्हणालो, "आणि मी?" तर म्हणते, "अब्बा, तुम्ही विचारता पण छान. उत्तरही तुम्हीच देता." तुझ्या भाभीने तोंडाला पदर लावला आणि आत गेली. (हसायला गेली. मला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.) मग पोरीने तुला फोन केला, आणि तू काय सांगितलंस ते मला कळलं आहे: भाईंनी स्वतःच्या हाताने लिहून बोलावलं तर येईन. ती म्हणते, चाचा नाहीत तर तारीख नाही. मी म्हणतो, मी बोलावणार नाही. असा हा तिढा आहे, आणि मी तसूभर मागे सरकलेलो नाही. पत्र लिहितो आहे ते वेगळ्या कारणाने. माझा एक व्हिडिओ तुळिंजपासून राजोडीपर्यंत मोबाइलवर फिरतो आहे. तो तुझ्यापर्यंत पोचलाच असेल. त्याखाली लिहिलं आहे की शम्सुद्दीन मास्तर आमरण उपोषणाला बसले. हे साफ खोटं आहे. मी बसलो होतो, आडवाही झालो होतो, पण कशासाठी ते मी सांगतो.

झालं असं की जुवेरियाने (ती स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, ते तुला ठाऊकच आहे) महिन्यापूर्वी एका सकाळी माझ्या हातात गोळ्यांचं कागदी पाकीट ठेवलं. आत गोळी नव्हती. वर लिहिलं होतं: राग आल्यास, एक, अऊजू म्हणून अल्लाहचा आसरा मागणे. दोन, गप्प राहणे. तीन, उभे असल्यास बसणे. चार, बसूनही न गेल्यास आडवे होणे. पाच, वुजू करणे, म्हणजे पाण्याने हात-तोंड-पाय धुणे. दिवसातून कितीही वेळा, उपाशीपोटी चालेल. मी संतापलो. खलील, ही शिकवण मला? मी तीस वर्षं प्रत्येक जलशात हेच सांगत आलो! राग सैतानाचा, सैतान आगीचा आणि आग विझते पाण्याने, हे मी वसईपासून डहाणूपर्यंत निदान साठ मांडवांतून गरजलो आहे. दुसऱ्याला लोळवतो तो पहिलवान नव्हे, रागात स्वतःला आवरतो तो पहिलवान, हे सांगताना मी एकदा टेबलावर अशी मूठ आपटली की काच तडकली आणि अध्यक्षांचा चहा अध्यक्षांच्या मांडीवर गेला. ते सगळं मी पोरीला ऐकवलं, उभ्याने. ती शांतपणे म्हणाली, "अब्बा, तुम्ही औषध वाटलंत. घेतलं कधी?" आणि कामावर निघून गेली. खलील, मी पुस्तकं वाचली आहेत, वाद जिंकले आहेत, एका सभेत तर विरोधी वक्त्याला माझ्या बाजूने टाळ्या वाजवायला लावल्या आहेत. पण या पोरीच्या वाक्याला अजून उत्तर सुचलेलं नाही. मी ते आव्हान म्हणून घेतलं. म्हटलं, घेऊन दाखवतो. पूर्ण डोस.

सांगणं सोपं आहे, पण नालासोपाऱ्यात हे औषध घ्यायला जागा नाही. शेअर रिक्षात राग आला (रिक्षावाल्याने चौथी सवारी माझ्या मांडीच्या दिशेने ढकलली), तेव्हा मी आधीच बसलेला होतो, म्हणजे तिसरी पायरी वाया गेली, आणि चौथीला वाव नव्हता. मासळीबाजारात कोळणीने निवडून दिलेल्या बोंबलांतले दोन हातचलाखीने बदलले, तेव्हा मी शिकवणीप्रमाणे गप्प झालो आणि तिच्यासमोर खाली बसलो. ती शेजारणीला म्हणाली, "मास्तर बसले गो! आता टोपली सरवूनच उठतील." ग्राहक बसला म्हणजे घेणार, असा तिथला हिशेब असतो. गप्प राहायचं असल्याने मला नकार देता येईना. घरी दोन पिशव्या बोंबील आले. तुझी भाभी त्यावर जे बोलली, त्याने मी सरळ पाचव्या पायरीवर गेलो.

आता मुख्य गोष्ट. निकाहासाठी मी तुळिंजच्या बाजूचा मनोरमा हॉल दोन महिने आधी ठरवला होता. गेल्या मंगळवारी सकाळी, मांडवाचं बघावं म्हणून गेलो, तर स्टेजवर एक बाई टेप घेऊन माप काढत होत्या. राजोडीच्या कॅथरिनबाई. त्यांच्या पुतण्याचा, एल्रॉयचा, साखरपुडा. त्याच रविवारी. त्याच हॉलमध्ये. मॅनेजर विघ्नेश नावाचा तरुण आहे, त्याच्याकडे दोन डायऱ्या निघाल्या, एक टेबलावरची आणि एक घरची, आणि दोन्हींत तो रविवार पूर्ण दिवसासाठी दिलेला. तो मला म्हणतो, "सर, टेन्शन नका घेऊ, काहीतरी अ‍ॅडजस्ट करू ना. तुमचं नेक्स्ट संडेला टाकू?" टाकू! जुवेरियाचा निकाह म्हणजे काय ऊन दाखवायचं वाळवण आहे, आज नाही तर उद्या टाकलं? खलील, तुला माझा तो राग ठाऊक आहे. कानांच्या पाळ्या आधी तापतात, मग उजवा हात आपोआप वर जातो. दोन्ही झालं. पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं आणि ते चांगलं वाक्य होतं. पण खिशात ते पाकीट होतं. मी अऊजू म्हटलं, तोंड मिटलं आणि आहे त्या जागी, हॉलच्या मधोमध, फरशीवर मांडी घालून बसलो.

इथे तू माझी कीर्ती लक्षात घे. या गावात मी आजवर जेव्हा जेव्हा जमिनीवर बसलो आहे तेव्हा तेव्हा त्याचं धरणं झालं आहे. बस थांब्यासाठी बसलो, शाळेच्या पत्र्यांसाठी बसलो, एकदा नुसता बुटाची नाडी बांधायला बसलो तर मागे सहा जण येऊन बसले. विघ्नेशचा चेहरा पडला. म्हणाला, "सर, प्लीज, आंदोलन नको. मालकीणबाई ओरडतील." मी बोलू शकत नव्हतो, म्हणून नुसती मान हलवली. त्याने ती 'हटणार नाही' अशी वाचली. फरशी थंड होती, पण राग उतरेना, कारण विघ्नेश उभा राहून माझ्या डोक्यावरून 'नेक्स्ट संडे' हे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. म्हणून मी चौथ्या पायरीवर गेलो. आडवा झालो. टोपी छातीवर ठेवली, डोळे मिटले.

पाच मिनिटांत हॉल भरला. तुळिंजमध्ये माणूस आडवा पडलेला दिसला की आधी फोटो निघतो, मग चौकशी होते. कुणी म्हणालं, अटॅक आला. कुणी म्हणालं, नाही, उपोषण आहे, मास्तर दरवेळी असंच करतात. संकेत नावाचा एक कार्यकर्ता आहे, माझी भाषणं ऐकून मोठा झालेला. त्याने कुठूनतरी हार आणून माझ्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला, पण आडव्या माणसाला हार घालणं बरं दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो विघ्नेशच्या टेबलाला घातला. आता मला उरलं होतं पाणी. पाचवी पायरी. मी डोळे उघडून हातांनी खूण केली, मनगटावरून पाणी ओघळल्यासारखी. विघ्नेशने बिचाऱ्याने बाटली आणली. तशी गर्दी ओरडली, "मास्तर, पाणी घेऊ नका! आम्ही तुमच्यासोबत आहोत!" आणि संकेतने ती बाटली माझ्या हातातून काढून स्वतः पिऊन टाकली. माझ्या निर्धाराचं रक्षण म्हणून. खलील, आजवर मला विरोधकांनी छळलं आहे, पण अनुयायांनी जे केलं ते कुणी केलं नाही.

शेवटी हॉलचा वॉचमन पुढे आला. नथू त्याचं नाव, खाडीकडचा म्हातारा, मिठागरात आयुष्य गेलेला. गर्दीला कोपराने बाजूला सारत म्हणाला, "बाजूला व्हा रे. उपास नाय न काय नाय. त्यांला राग आलाय. हात-तोंड धुवाला पानी पायजे." त्याने बालदी आणली, तांब्याने माझ्या हातांवर पाणी सोडलं आणि मी वुजू केली. एवढ्या गर्दीत, एवढ्या मोबाइलांत, माझ्या मनातली गोष्ट एका माणसाने ओळखली आणि त्याने माझं एकही भाषण ऐकलेलं नव्हतं. (हे मला लागलं. पण मी गप्प होतो.)

आणि आता सर्वांत कठीण क्षण. मी ओल्या हातांनी उठून बसलो, तर संकेतने स्कूटीवरून त्याचा चाकांचा स्पीकर आणला होता. माइक माझ्या हातात दिला. "सर, दोन शब्द." खलील, तू मला ओळखतोस. समोर दीडशे माणसं. अन्याय ताजा. भाषण तयार: सुरुवात, मध्य, विघ्नेशच्या दोन डायऱ्यांवर एक रूपक, आणि शेवटी असा शेर की डायऱ्याही रडल्या असत्या. मी माइक तोंडाजवळ नेला. त्याने ती शिट्टी घातली, कर्कश, लांबलचक. तशीच शिट्टी तहसीनच्या निकाहात तू बटण दाबण्याच्या क्षणभर आधी वाजली होती. मला एकदम तुझा चेहरा आठवला. तू चिडलेला नव्हतास. घामाघूम होतास. तुझ्या मागे तहसीन बसली होती आणि तिला भोवळ येत होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून. ते मी तेव्हा पाहिलं होतं. (पाहिलं होतं, असं लिहिलं. तू पुन्हा वाचू नकोस.) मी माइकवर बोट फिरवलं, बटण सापडलं आणि ते मी स्वतः बंद केलं. माइक संकेतला परत दिला. तो मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी इस्लामपूर्व काळातून आलो आहे.

मी बोलेना म्हटल्यावर बाकीच्यांना बोलणं भाग पडलं. कॅथरिनबाई इतका वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, त्या विघ्नेशवर गरजल्या. (बाईंचा आवाज मी मान्य करतो. त्यांना माइक लागला नसता.) "अरे, संडेला सकाळी चर्चमध्ये आमची मिस्सा असते, सकाळी कोण येनार साखरपुड्याला? सकाळ यांना दे, दुपार यांना दे, चारनंतर हॉल आमचा. आमची फुलं पहाटे लागतील, यांनी फुलांना हात लावायचा नाय, एवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चालेल ना मास्तर? आनि उठा आता. तुम्ही गप्प बसलात की भीती वाटते." मी उठलो. अशा रीतीने दुपारी जोहरच्या नमाजानंतर निकाह, मग जेवण, आणि चारला हॉल रिकामा. जुवेरियाच्या निकाहाला राजोडीची फुलं असतील आणि त्यांच्या साखरपुड्याला आमची उरलेली बिर्याणी जाईल. आयुष्यातला हा पहिला तह, ज्यात मी एक शब्दही बोललो नाही. जुवेरिया म्हणते, म्हणूनच झाला. मला ते मान्य नाही. मी बोललो असतो तर संध्याकाळही मिळाली असती.

तू आता म्हणशील, भाई निवला. अजिबात नाही. शिकवणीत राग गिळणाऱ्यांची स्तुती आहे, राग न येणाऱ्यांची नाही, हे मी ठासून सांगतो. गिळायचा तर आधी तो तोंडाशी यावा लागतो. ज्याला अन्याय बघून काही होत नाही त्याने काय गिळलं? थुंकी. मला राग येतो, येत राहील, आणि ज्या दिवशी यायचा बंद होईल त्या दिवशी मला खांदा द्यायला या. फक्त त्याच्या हातात माइक द्यायचा की तोंडावर पाणी मारायचं हे आता मी ठरवणार, एवढाच फरक. आणि तो फरक तुझ्यामुळे पडलेला नाही.

घरात सर्वांना सलाम. गुडघ्याला तिळाचं तेल लाव.

तुझा मोठा भाऊ (हे नातं बंद करायचं बटण तुझ्या गाळ्यात बनत नाही),
शम्सुद्दीन मास्तर

ता.क. पत्र जुवेरियाने वाचलं. विचारते, "हे उभ्याने लिहिलंत का?" मी म्हटलं, पहिला अर्धा भाग, कपाटावर कागद ठेवून. मग तिने खुर्ची दिली. तरी म्हणते, अजून धग लागते. म्हणून हा मजकूर आडवा पडून लिहितो आहे. अक्षर खाली उतरतं आहे ते त्यामुळे, वयामुळे नव्हे.

ता.क. दुसरा. वुजू करून आलो. कागदावर दोन थेंब पडले आहेत ते पाण्याचे आहेत. (पाण्याचेच.) खलील, रविवारनंतरच्या रविवारी, जोहरनंतर, मनोरमा हॉल. पोरीचा वकील तूच हो. तिला नीट विचार आणि ती काय म्हणते ते ऐकून ये. आपल्या घरात हे तुलाच जमतं. हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. तहसीनलाही आण. तिला त्या दिवशी भूक लागली होती. यावेळी तिला मी आधी वाढीन, आणि तेव्हाची माफी तिच्याकडे मागेन. तुझ्याकडे मागायची की नाही ते तू ये, मग बघू.

ता.क. शेवटचा. निकाहानंतर मी चार शब्द बोलणार आहे. चारच. पण तू येताना तुझ्या गाळ्यातलं एक चांगलं, मजबूत बटण घेऊन ये आणि माइकला लाव. तुझी खुर्ची मी त्याच्या शेजारीच ठेवली आहे.